उभा ऊस

माधवनगर,
६ जानेवारी २०२५

प्रिय रसूल मामू,
अस्सलामु अलैकुम.

वर्षभरात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय ती काम निघालं म्हणून. तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घ्या, मग पुढचं वाचा. फोन केला असता, पण तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं ऐकायचं नसतं. शिवाय तुम्ही फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलता, की घरातली गोष्ट दुकानासमोरच्या पोलीस चौकीपर्यंत जाते.

तर बातमी अशी, की मी पुन्हा शिकतेय. लग्नामुळे बारावीवर थांबलेलं शिक्षण एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा काढलंय. ऑनलाइन पदवी, विषय फौजदारी न्याय. गुन्हा घडल्यापासून शिक्षा होईपर्यंत पोलीस, कोर्ट आणि तुरुंग काय काय करतात ते सगळं त्यात येतं. सकाळी तारिक लूमवर गेले, अर्फा शाळेत गेली, की मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवते आणि भाकरी थापत तास ऐकते. पहिले चार दिवस सासूबाईंना वाटत होतं मी मालिका बघतेय. पुढे कोर्टात नोकरी मिळाली तर करायची, असं मनात आहे. अजून कोणाला बोलू नका.

आता काम. एखाद्या खटल्यात भाग घेतलेल्या माणसाची मुलाखत घेऊन प्रकल्प लिहायचा आहे. पुस्तकात लिहिलंय, की पोलीस झडती घेतात किंवा माल जप्त करतात तेव्हा दोन त्रयस्थ माणसं सोबत लागतात. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची. हे वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपले मामू. वीस वर्षं पंच म्हणून सह्या करताय. अम्मी अजून सगळ्यांना सांगते, की माझ्या भावाला चौकीत खुर्ची देतात. मला सांगा, तिथे गेल्यावर पंच नेमकं काय काय बघतो?

मुमानींना सलाम.
तुमची,
दिलशाद


चिंचमळा फाटा,
१४ जानेवारी २०२५

चि. दिलशाद,
व अलैकुम अस्सलाम.

तुझं पत्र तुझ्या मुमानीनं, जीनतनं मोठ्यानं वाचलं, मग मी पुन्हा हळू वाचलं. आपल्या घराण्यात गुन्ह्याचा अभ्यास करणारी तू पहिलीच. करणारे एकदोन होऊन गेले असतील, अभ्यास कोणी केला नव्हता. शीक. तुझं लग्न लवकर झालं त्यात माझाही हात होता, स्थळ मीच आणलं होतं. ते मनाला लागून होतं, आज जरा हलकं वाटलं.

पंचाचं म्हणशील तर सांगण्यासारखं फार नाही. समोर चौकी, मी वर्दी शिवणारा. हवालदार माप द्यायला येतो तसाच सहीलाही हाक मारतो, "मास्तर, जरा या." फाट्यावर मुसलमानाचं घर आपलं एकच. आपल्याला हाक येते, आपल्या सहीला वजन आहे, याचं बरं वाटायचं. पंचानं काय बघायचं ते तुझ्या पुस्तकात नीट लिहिलं असेल, तेच लिही.

पण तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. मला समन्स आलंय, ११ फेब्रुवारीला तालुक्याच्या कोर्टात. वीस वर्षांत ही पहिली वेळ. इतके दिवस कधी केस मिटायची, कधी दुसरा पंच जायचा. ही केस जानेवारी २०२२ ची. शिवतेज नावाचा कुंडलचा ट्रॅक्टर ड्रायव्हर ऊस ओढायला इकडे आला होता. इथल्या गॅरेजमधल्या तीन बॅटऱ्या त्यानं चोरल्या, उसाच्या रानात लपवल्या आणि मग पंचांसमोर स्वतः काढून दिल्या, असा पंचनामा आहे. दुसरे पंच लालासाहेब पानपट्टीवाले मागच्या वर्षी वारले. आता राहिलो मी. सरकारी वकील म्हणाले, "मास्तर, सगळी केस तुमच्यावर हाय."

तीन वर्षांपूर्वीचं मला काही आठवत नाही. झेरॉक्स सोबत ठेवलीय. उलटतपासणीत काय विचारतात आणि कसं सांगायचं ते लिहून पाठव. फाट्यावर माझी शोभा व्हायला नको.

तुझा,
रसूल मामू


माधवनगर,
२२ जानेवारी २०२५

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम.

पंचनामा चार वेळा वाचला. हवालदारांचं अक्षर तुमच्या हेमशिलाईसारखं असतं तर बरं झालं असतं. आता मी सांगते तसं करा, आणि भाचीनं शिकवलं म्हणून लाजू नका.

"बहुतेक", "असेल", "वाटतं" हे शब्द घरी ठेवून जा. वकील मुद्दाम घाई करतील, तुम्ही थांबून बोला. ऐकू आलं नाही तर सरळ पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. कसे गेलात, तर जीपनं. किती वाजता, तर दुपारी साडेतीन. पुढे कोण चालत होतं, तर आरोपी, त्याच्यामागे हवालदार, मग तुम्ही दोघं. बॅटऱ्या बांधापासून पंधरा पावलांवर, पाचटाच्या पाल्याखाली. हे रोज एकदा मुमानींना म्हणून दाखवा.

आणि कागदावर नाही तेही विचारतील, खरी गोम तिथेच आहे. समजा विचारलं, रानात ऊस केवढा होता? पंचनाम्यात नुसतं "उसाचे शेत" एवढंच आहे. मी विचार करून ठेवलाय. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम, ऊस तोडीला आलेला असणार. तुम्ही सांगा, "ऊस उभा होता, माझ्या डोक्याच्या वर हातभर. पानं कापत होती म्हणून मी दोन्ही हात तोंडापुढे धरून चाललो." असं बारीक काही सांगितलं, की माणूस तिथे होता हे कोर्टाला लगेच पटतं. आमच्या मॅडमनी परवाच सांगितलं. तुम्हाला हे आठवत असणारच, मी फक्त आठवण करून देतेय.

घाबरू नका. तुम्ही खरं तेच सांगायला चाललाय.

तुमची,
दिलशाद


चिंचमळा फाटा,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. दिलशाद,
व अलैकुम अस्सलाम.

पार पडलं. सरकारी वकील बाहेर येऊन पाठीवर हात ठेवून म्हणाले, असा पंच दहा वर्षांत बघितला नाही.

आरोपीचा वकील सरकारनं दिलेला, नवखा पोरगा. कसे गेलात, कोण पुढे होतं, सगळं तू लिहिलंस त्याच क्रमानं त्यानं विचारलं. मला हसू यायला लागलं होतं. मग म्हणाला, "रानात ऊस केवढा होता?" मी थांबलो, तू सांगितलंस तसा. मग म्हणालो, "उभा होता सायेब. माझ्या डोक्याच्या वर हातभर. पानं कापत होती, मी दोन्ही हात तोंडापुढं धरून चाललो." न्यायाधीश बाईंनी टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, हे नीट घ्या.

त्या वेळी मागं बसलेला शिवतेज एकदम उभा राहिला. वकिलाकडे काहीतरी बोलायला निघाला होता, पोलिसानं खांदा दाबून खाली बसवला. का उठला ते मला समजलं नाही. तिशीचा असेल, दाढी वाढलेली. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती, घरीच शिवली असावी, टाका तिरका होता. धंद्यामुळे नजर तिकडेच जाते.

हवालदारानं चहा पाजला. मला अर्धाच गेला, पित्त झालं असेल. तुझ्या प्रकल्पात हे सगळं लिही, नाव घातलंस तरी चालेल.

तुझा,
रसूल मामू


माधवनगर,
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम.

प्रकल्पाला वीसपैकी एकोणीस मिळाले. तुमचं उसाचं वाक्य मी जसंच्या तसं घातलं होतं. मॅडमनी त्याच्याखाली रेघ ओढून लिहिलंय, "उत्तम साक्षीदार." तारिकनी पेढे आणले आणि सासूबाईंना शेवटी कळलं की ती मालिका नव्हती.

पण काल एक तास झाला, तो डोक्यातून जाईना. मॅडम म्हणाल्या, पुष्कळ ठिकाणी पंच जागेवर जातच नाहीत. चौकीच्या आसपासचे चहावाले, दुकानदार ठरलेले असतात, ते बसल्या जागी सही करतात. हे थांबावं म्हणूनच गेल्या जुलैपासून जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण सक्तीचं झालंय. हे ऐकताना माझी भाकरी तव्यावर करपली.

तुम्ही रानात गेला होतात ना मामू? हे विचारताना मला माझीच लाज वाटतेय. तुम्ही मला खांद्यावर घेऊन जत्रेतून फिरवलंय, आणि मी तुमची उलटतपासणी घेतेय. तरी एक ओळ लिहा. नुसतं "हो" लिहिलंत तरी पुरे.

तुमची,
दिलशाद


माधवनगर,
५ एप्रिल २०२५

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम. ईद मुबारक.

रमजानात शिलाईची घाई असणार म्हणून महिनाभर मी गप्प बसले. ईद होऊन पाच दिवस झाले. अम्मीनं फोन केला तर तुम्ही "सगळं बरं हाय" म्हणालात आणि लगेच फोन मुमानींकडे दिलात. ईदला आलाही नाहीत. दरवर्षी अर्फासाठी फ्रॉक शिवून आणता, ती दारात बसून होती.

माझ्या प्रश्नाचा तुम्हाला राग आलाय. बरोबर आहे. चार पुस्तकं वाचून मी घरच्या वडीलधाऱ्या माणसावर संशय घेतला. मला माफ करा. तो प्रश्न मी विचारलाच नाही असं समजा.

तुमची,
दिलशाद


चिंचमळा फाटा,
२१ एप्रिल २०२५

चि. दिलशाद,

तू माफी मागितलेलं पत्र दहा-बारा दिवस खिशात घेऊन फिरतोय. शर्ट बदलला की ते या खिशातून त्या खिशात जातं. माफी तू मागावीस असं काही झालेलं नाही.

मी रानात गेलो नव्हतो. त्या दिवशी दुकानात काज करत बसलो होतो. हवालदार कागद घेऊन आला, मशीनच्या फळीवर ठेवला, मी बोटावरची अंगुस्तानाची टोपी काढली आणि सही केली. लालासाहेबांनी आधीच पानपट्टीवर केली होती. त्या कागदावर काय लिहिलंय ते मी पहिल्यांदा वाचलं ते तुला झेरॉक्स पाठवताना. वीस वर्षांत खरोखर जागेवर गेलो असेन दोन-तीनदा. "आठवत नाही" असं तुला लिहिलं तेही खोटं. आठवायला काही नव्हतंच.

तू "हो" एवढंच मागितलं होतंस. "नाही" लिहिलं तर तुझ्या मनातून उतरणार होतो आणि "हो" लिहिलं तर तुला फसवणार होतो. म्हणून काही लिहिलं नाही. अर्फाचा फ्रॉक शिवून तयार आहे, पण तुझ्यासमोर यायचं धाडस झालं नाही.

९ तारखेला निकाल लागला. शिवतेजला दोन वर्षं. अपिलापर्यंत सुटता आलं असतं, पण त्याला जामीन राहायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून आत गेला. निकालात लिहिलंय, की पंचानं उसाची उंची आणि पानांचा त्रास सांगितला, त्यावरून तो जागेवर हजर होता यात शंका राहत नाही.

परवाच्या शुक्रवारी त्याची आई आली. रंगूबाई. मी जुम्म्याच्या नमाजसाठी उंब्रजला निघालो होतो, दुकानाला कुलूप लावत होतो.

म्हणाली, "मास्तर तुमीच न्हवं?"

"व्हय."

"कोर्टात उभा ऊस बघितला म्हनून तुमीच सांगितलंसा?"

मी मान हलवली.

"आवं दादा, त्या रानातला ऊस डिसेंबरातच तुटलाय. माज्याच पोरानं ट्रॅक्टरनं कारखान्यावर न्हेला त्यो. जानेवारीत तितं नुसतं पाचाट पडल्यालं हुतं. तुमी उभा ऊस कुटनं बघितलासा?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "भांडाय न्हाई आले मी. इचाराय आले." म्हणजे त्या दिवशी शिवतेज उठला होता तो हे सांगायला. नंतर त्यानं वकिलाला सांगितलं, तर वकील म्हणाला आता साक्ष संपली.

बाकावर बसा म्हणालो. ती तासभर बसली, माझ्याकडे बघत. पाणी दिलं ते घेतलं नाही. मग उठून एसटीकडे गेली. माझी नमाज राहिली.

त्यानं बॅटऱ्या चोरल्या की नाही, मला खरंच माहीत नाही. चोरल्याही असतील. पण मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं म्हणून शपथेवर सांगितलं. मी शिंपी. शेत कसं असतं, पाचट कुठं पडतं, हेही मला कळत नाही.

रसूल


माधवनगर,
२५ एप्रिल २०२५

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम.

पत्र आल्यावर दोन दिवस मी तुमच्यावर धुमसत होते. अम्मीला सांगितलं नाही, तारिकशी नीट बोलले नाही, अर्फाला उगाच रागावले. किती गोष्टी मनात म्हणाले तुम्हाला, त्या इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना लक्षात आलं, की तो ऊस तुमचा नव्हता. माझा होता. मी माधवनगरात माग आणि सूत बघत वाढले. उसाच्या रानात मी कधी पाऊल टाकलेलं नाही. रस्त्यानं जाताना एसटीच्या खिडकीतून दिसतो तेवढाच ऊस मला माहीत, आणि तो मी तुमच्या तोंडात घातला. पंचनाम्यात पाचट, म्हणजे ऊस तुटल्यावर रानात पडणारा पाला, असं स्वच्छ लिहिलं होतं. ते चार वेळा वाचून मला एकदाही वाटलं नाही, की कोणाला तरी विचारावं.

तुम्ही एकटे गेला असतात तर अडखळला असतात. "आठवत नाही सायेब" म्हणाला असतात, आणि कदाचित तो सुटला असता. तुमचं खोटं लंगडं होतं, त्याला मी चालायला शिकवलं. वर त्याचे गुण घेतले, पेढे खाल्ले. न्याय शिकतेय म्हणून मिरवत होते आणि पहिल्याच धड्यात एका माणसाला आत पाठवलं. मला स्वतःचा तिटकारा आलाय.

आता रडून उपयोग नाही. अपिलाची मुदत तीस दिवसांची, म्हणजे ९ मेपर्यंत. त्याच्या वकिलांना गाठा आणि खरं काय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. एक गोष्ट लपवत नाही. खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच खटला होऊ शकतो. माहीत असून सांगितलं नाही असं पुन्हा व्हायला नको.

दिलशाद


चिंचमळा फाटा,
३० एप्रिल २०२५

चि. दिलशाद,
व अलैकुम अस्सलाम.

वकिलाला भेटलो. पोरगा नवखा असला तरी सरळ आहे. सगळं ऐकून म्हणाला, "मास्तर, निकालानंतर पंच फिरला की कोर्ट म्हणतं, आरोपीच्या माणसांनी दम दिला असेल. ऊस डिसेंबरात तुटल्याची कारखान्याची पावती आपल्याला मिळेल. पण तिथे नव्हतात तर उभा ऊस तुमच्या डोक्यात आला कुठून? हे कोणी शिकवलं, ते सांगितल्याशिवाय तुमच्यावर विश्वास ठेवणार नाहीत."

मी म्हणालो, कोणी नाही, माझ्याच मनानं बोललो. त्याला ते पटलं नाही.

तुझं जानेवारीचं पत्र मी चुलीत घातलंय. तुझ्या पदवीला अजून अडीच वर्षं आहेत, पदरात मुलगी आहे. उद्या कोर्टात नोकरीला उभी राहिलीस तर हे आडवं येईल. तुझं शिक्षण एकदा माझ्यामुळे थांबलं, दुसऱ्यांदा थांबू देणार नाही. चौकीतून वर्दी येणं बंद झालंय, हवालदार दुकानापुढून मान वळवून जातो. खटला झाला तर होऊ दे. जीनतला सांगितलं, ती म्हणाली, "केलंय न्हवं? मग निस्तरा." तिचं बरोबर आहे.

तू यात नाहीस. हा मामूचा हुकूम समज.

रसूल


माधवनगर,
३ मे २०२५

प्रिय मामू,
अस्सलामु अलैकुम.

हुकूम मोडतेय. पत्र तुम्ही जाळलंत, पण मी प्रत्येक पत्र आधी वहीत कच्चं लिहिते. २२ जानेवारीचं पान वहीत आहे, त्याच्या मागच्या-पुढच्या पानांवर तासांच्या नोंदी आहेत तारखेसकट. मी वकिलांना फोन करून ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुमच्या साक्षीच्या वीस दिवस आधीचा कागद आहे, याला वजन येईल. मीही प्रतिज्ञापत्र देणार आहे. मॅडमना सगळं कळवलंय आणि ते गुण काढून टाका म्हणून लिहिलंय. पुढे शिकू देतात की नाही ते बघू. भीती वाटते, नाही असं नाही. पण तुम्हाला एकट्याला पुढे करून मी मागे वहीत लपले, तर तो दुसरा गुन्हा होईल आणि तो मी समजून उमजून केलेला असेल.

तारिक आधी म्हणाले, तुला काय गरज होती त्यात पडायची. काल सकाळी त्यांनीच गाडी काढली आणि मला कुंडलला घेऊन गेले.

रंगूबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. शिवतेजची बायको क्रांती आत होती, कडेवर लहान मूल. मी कोण ते सांगितलं. मग सांगितलं, की मास्तर रानात गेले नव्हते, आणि तो उभा ऊस मी इथून लिहून पाठवला होता. वाटेत मी वाक्यं ठरवली होती, तिथे ती सगळी विसरले. हात जोडले तर त्या बघेनात.

मिरच्या निवडतच म्हणाल्या, "तू काय करतीस?"

"शिकतेय."

"काय शिकतीस?"

फौजदारी न्याय म्हणायला माझी जीभ रेटेना. "कोर्टाचं," एवढंच म्हणाले. त्यांनी मान हलवली.

क्रांतीनं विचारलं, "मग आता सुटतील का त्ये?" मी सांगितलं, की अपील दाखल होईल, आधी जामीन मागू, जामीन राहायला तारिक तयार आहेत, पण किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. रंगूबाई मिरच्यांची पाटी बाजूला सारून उठल्या. म्हणाल्या, "तुमी मामा-भाची आता खरं बोलताय, त्ये कळलं मला. पन त्यो आत हाय."

तारिकनी गाडी सुरू केली तरी मी अंगणातच उभी होते.

बुधवारी, सात तारखेला, सकाळच्या एसटीनं येते. वकिलांनी प्रतिज्ञापत्रांसाठी अकरा वाजता बोलावलंय. रंगूबाईही येणार आहेत.

तुमची,
दिलशाद